एका शब्दाचे वाटेकरी

आमच्या कारखान्यात खुर्च्यांना कव्हरं शिवतात. बसच्या सीटा, थिएटरातल्या खुर्च्या, दाताच्या डॉक्टरकडची ती आडवी होणारी खुर्ची, न्हाव्याकडची गोल फिरणारी. माणूस जिथे म्हणून बूड टेकतो, तिथलं कापड आमच्या हातून गेलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. मी शिवते, चिमी कापते. तिचं टेबल माझ्या मशीनला अगदी लागून, त्यामुळे तिच्या घरातलं पान हललं तरी मला आधी कळायचं.

चिमी म्हणजे पन्नाशीची बाई, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन वेण्यांची मुलगी येते. चांगली उंचपुरी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खडू कानामागे. आईने लहानपणी पाडलेलं नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. लग्न झालं नाही. का झालं नाही ते तिने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आई आणि ती, दोघीच, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायच्या.

चिमीला हेवा फार. हे मी तिच्यामागे बोलत नाहीये. ती स्वतःच सांगायची, एखादी बाई मला पित्ताचा त्रास आहे म्हणून सांगते ना, तसं. माझ्या मशीनशेजारी खिडकी होती आणि तिच्या टेबलाशेजारी भिंत, यावरून ती मला दर हिवाळ्यात टोमणे मारायची. कुणी नवा चष्मा केला की हिच्या कपाळाला आठ्या. "दिसतोय छान," म्हणायची, आणि मग कापडावर कात्री अशी चालवायची की कापडालाही कळावं.

पण या सगळ्या फांद्यांचा बुंधा एकच, तिचा थोरला भाऊ. त्याला घरात, शेजारात सगळे दादाच म्हणायचे, आईसुद्धा. तो लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत लागला, लांबच्या शहरात गेला, तिथेच संसार मांडला. दर रविवारी फोन करायचा. आणि आठवडाभर आई त्या फोनवर जगायची. चिमी औषधं आणायची, केस विंचरून द्यायची, नळ गळला तर दुरुस्त करायची, आणि आई शेजारणीला सांगायची, "दादाने विचारलं हो, गुडघा कसा आहे म्हणून!"

"गुडघ्याला तेल मी चोळते," चिमी मला सांगायची, "आणि विचारल्याचं कौतुक त्याचं."

आई तिला हाक मारायची तीसुद्धा सरळ नाही. आधी तोंडातून 'दा' निघायचं, मग जीभ सावरून 'चिमे'. लहानपणापासून ही 'दा-चिमे' होती. मुलांत गल्लत करणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या आहेत, माझीही तशीच. पण चिमीच्या मनात ते बोचून बसलेलं.

मग एका सकाळी आई ओट्याजवळ कोसळली. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, पण उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागली आणि वाचा पूर्ण बंद. दवाखान्यात काही दिवस नुसती बघत असायची. चिमी रजा टाकून तिथेच बसून. चमच्याने सूप भरव, तोंड पूस, कूस बदल.

आणि असंच सूप भरवताना आईच्या ओठांची हालचाल झाली. चिमीने चमचा हवेत धरला. वाकून कान लावला. आई म्हणाली, "दादा."

"मी चमचा वाटीत ठेवला," चिमीने मला नंतर सांगितलं, "आणि बाहेर जाऊन पाणी प्यायले. दोन ग्लास. आनंद झाला होता ग, नाही कशाला म्हणू, आई बोलली म्हणून. पण दुसऱ्या क्षणाला अंगाचा असा तिळपापड झाला की पाण्याने काय होतंय."

त्यानंतर आईच्या तोंडी तो एकच शब्द. भूक लागली, दादा. उजेड डोळ्यांवर येतोय, दादा. चिमी आली, दादा. चिमी निघाली, तरी दादा. वाचा सुधारण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई दवाखान्यात यायच्या. त्यांनी चिमीला समजावलं की अशा आजारात कधीकधी एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि माणूस सगळ्याच गोष्टींसाठी तोच वापरतो. "त्यांना भावालाच बोलवायचंय असं समजू नका. डोक्यात वेगळं काही असतं, तोंडातून तेवढंच बाहेर पडतं."

"मग हाच शब्द का उरला?" चिमीने विचारलं. "दुसरे काय कमी होते?"

"ते आम्हालाही सांगता येत नाही," त्या बाई म्हणाल्या.

हे उत्तर चिमीला पटणं शक्यच नव्हतं. तिच्या मते सगळं स्वच्छ होतं. घर पडलं की सगळ्यात पक्की भिंत तेवढी उभी राहते, तसं झालं होतं. भावाला फोन लावून आईच्या तोंडाशी धरला, तर तो आवाज ऐकून तो हमसून हमसून रडला. "मला बोलावतेय ग ती. चिमे, ऐकलंस ना? मलाच बोलावतेय." मग त्याने ही गोष्ट सगळ्या नातेवाईकांना सांगितली. मावशीचा फोन, आत्याचा फोन, जो तो चिमीला सांगतोय, "काय माया बघ! वाचा गेली तरी लेकाचं नाव सुटलं नाही." आणि जिला हे सांगत होते, ती एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने आईची चादर बदलत होती.

भावाला लगेच येणं जमेना. पण त्याने एक केलं, दिवसभर आईजवळ राहायला एक मदतनीस बाई लावून दिली. चिमीला कामावर जाणं भागच होतं, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. पण तो उपकारही तिच्या घशात अडकला.

ही मदतनीस समुद्रापलीकडून आलेली होती. तिची मायबोली स्वाहिली. आपली भाषा इथे आल्यावर कानाने उचललेली, म्हणजे बोलायची भराभर, पण बायकांचं पुरुषांना आणि पुरुषांचं बायकांना लावून. ठेंगणी, गोल, चालताना कपाट सरकावं तशी सरकायची, आणि हात मात्र पिसासारखे हलके.

पहिल्याच सकाळी ठिणगी पडली. दार उघडल्याबरोबर ती चिमीला हसून म्हणाली, "नमस्कार, दादा!"

चिमीने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. म्हणाली, "दादा कुणाला म्हणता? मी काय पुरुष दिसते?"

"नाही नाही! तुम्ही बाई. म्हणून तर दादा."

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "दादा." आणि ती मदतनीस बाई "हं, आलो, आलो!" करत चपला काढून थेट आत. चिमी तिच्यामागे धावली. "अहो, तुम्हाला नाही हाक मारत. माझ्या भावाला मारतेय."

मग पलंगाच्या दोन बाजूंना उभं राहून दोघींचा खुलासा झाला. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. ओळखीपाळखीच्या कुठल्याही बाईला मानाने दादा म्हणतात. तिचा 'द' किंचित जाड होता, 'ड'कडे झुकलेला, पण शब्द तोच. "आमच्या घरी मी मोठी," ती म्हणाली, "सगळे लहान मला दादा म्हणतो. इथे आला तेव्हापासून कुणीच म्हणत नाही. आणि आज आजी म्हणाल्या!" तिचे डोळे असे चमकले की चिमीला ते बघवेना.

त्या दिवशी चिमी कारखान्यात आली ती बॅगसुद्धा खुंटीला न लावता. "ऐक," मला म्हणाली, "माझ्या आईच्या तोंडात एकच शब्द उरलाय. अर्धा भावाने नेला. उरलेला अर्धा त्या बाईने नेला. आता मी काय खाऊ?"

मला हसू आलं. तिला नाही आलं.

पुढे रोज नवं काहीतरी निघायचं. ती मदतनीस आईला 'मामा' म्हणायची, कारण तिच्याकडे मामा म्हणजे आई, आणि वयाने मोठ्या बाईला तसंच म्हणायची रीत. "माझ्या आईला मामा!" चिमी टेबलावर खडू आपटत म्हणाली. आता आमचे मुकादम, पांढऱ्या मिशांचे, त्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो. शिवणाऱ्या बायकांत ही बातमी अशी पसरली की संध्याकाळपर्यंत जो तो त्यांना "आई, दोरा संपला" म्हणायला लागला. फोमचे गठ्ठे घेऊन येणारा ट्रकवाला जॉर्जियन. तो बिल फाडता फाडता म्हणाला, "चूक आहे तुमचं. मामा म्हणजे बाप. आमच्याकडे बापालाच मामा म्हणतात."

मुकादमांनी मिशांवरून हात फिरवला. "म्हणजे मी मामा, मी आई, मी बाप. आणि कटिंग मात्र अजून झालेलं नाही. चला कामाला!"

सगळे पोट धरून हसले. चिमीही हसली, पण लगेच म्हणाली, "तुमच्याकडे शब्द भरपूर आहेत म्हणून हसता."

तिकडे आईची तब्येत सुधारत होती. काठी धरून खिडकीपर्यंत जायला लागली. तोंडाचा वाकडेपणा कमी झाला. डॉक्टर म्हणाले, चांगली सेवा चाललीय. हे ऐकून माणसाला बरं वाटायला हवं की नाही? चिमीला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं, दोन्ही एकाच वेळी, आणि वाईट जरा जास्त.

एकदा ती कामावरून लवकर घरी गेली. जिन्यातच हसण्याचा आवाज. आईचं हसणं, तेही मोकळं, आजारपणाआधीचं. चिमी दारातच थांबली. आत पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, आणि दोघी घड्या घालत बसलेल्या. आई एका हाताने टॉवेल फेकायची आणि म्हणायची, "दादा!" झटकून. ती बाई टॉवेल झेलून म्हणायची, "दादा?" भुवया उंचावून. आई मान हलवून लांबण लावायची, "दाऽऽदा." आणि पुन्हा दोघी खिदळायच्या. त्या एका शब्दात काय नव्हतं! तक्रार, थट्टा, शेजारणीची नक्कल, काय काय. एक शब्द घेऊन दोघींनी अख्खी दुपार रंगवली होती.

"आणि मी दारात," चिमी म्हणाली. "हातात चपला. पाहुण्यासारखी. मी आत गेले तर दोघी गप्प झाल्या, ग. आपण नकोशा बाईला पाहून गप्प होतो ना, तशा."

"तुला वाटलं असेल," मी म्हणाले.

"मला वाटायला काय झालं? मला डोळे आहेत."

तिथून तिने हट्टच धरला. आईला आपलं नाव शिकवायचं. रोज संध्याकाळी पलंगासमोर स्टूल ओढून बसायची. "आई, माझ्या ओठांकडे बघ. चि. मी. म्हण. चि." आई जीव तोडून प्रयत्न करायची. ओठ पुढे काढायची, जीभ टाळूला लावायची, गळ्याच्या शिरा फुगायच्या, आणि बाहेर पडायचं ते "दा". चिमी पुन्हा. आई पुन्हा. एका संध्याकाळी आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मदतनीस बाई घरी जायला निघाली होती, ती परत आत आली आणि म्हणाली, "बस करा. मामा थकला."

"तुम्ही मध्ये पडू नका," चिमी म्हणाली. तिच्या आवाजात अशी धार होती की ती बाई मागे सरकली. मग चिमी उभी राहिली आणि मनात साठलेलं सगळं ओकली. "आणि उद्यापासून आई दादा म्हणाली की तुम्ही 'ओ' द्यायची नाही. ती हाक तुमची नाही. तुम्ही इथे कामाला आहात. काम करा, पण 'ओ' देऊ नका, नक्कल करू नका, हसू नका."

त्या बाईने एकदा आईकडे पाहिलं, एकदा चिमीकडे. "बरं," एवढंच म्हणाली.

आणि तिने शब्द पाळला. आई हाक मारायची, ती लगेच यायची, हवं नको बघायची, पाणी द्यायची, पाय दाबायची, पण तोंडातून अक्षर नाही. चेहरा दगडासारखा. आई पुन्हा म्हणायची, "दादा?" समोरून काहीच नाही. चेंडू टाकला आणि भिंतीने झेलून ठेवला, असं.

आठवडा झाला नसेल, आईने बोलणंच सोडलं. तो एक शब्दही गेला. काही हवं असलं की डाव्या हाताने पलंगाची कड ठोकायची.

चिमी मला म्हणाली, "सुटले. आता भावालाही नाही आणि तिलाही नाही. सगळे सारखे." म्हणाली खरं, पण त्या दिवशी तिने कापडाचा अख्खा तागा उलट्या बाजूने कापला. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. मी उरलेल्या कापडातून उशांची कव्हरं बसतात का ते पाहत राहिले. मला तिला बोलायचं होतं, तुझ्या हाताने काय केलंस ते बघ, म्हणून. पण तिच्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही. ती स्वतःच ते रात्रंदिवस बघत असणार.

अशात तिचा भाऊ आला. एकदाचा. मोठी बॅग, आईला गरम शाल, चिमीला पर्स. आल्या आल्या पलंगाशी गुडघे टेकून बसला. "आई, बघ कोण आलंय. मी. दादा." आईने त्याच्या गालावरून हात फिरवला. बोलली काहीच नाही. "म्हण ना. फोनवर म्हणायचीस ना? दा-दा." आई खिडकीकडे बघायला लागली.

त्याने तास दोन तास वाट पाहिली. चहा घेऊन पुन्हा बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी स्वयंपाकघरात येऊन चिमीला म्हणाला, "काय झालंय हिला? मी इतक्या लांबून तेवढ्यासाठी आलो."

"तेवढ्यासाठी?" चिमी म्हणाली.

"तसं नाही ग."

चिमीने मला प्रामाणिकपणे सांगितलं, "मला आतून गुदगुल्या झाल्या. त्याचा तो उतरलेला चेहरा बघून. असं वाटलं, आता घे. पन्नास वर्षं मी हेच खाल्लंय, तू एक दिवस खा." मग म्हणाली, "आणि लगेच स्वतःचीच किळस आली. पण गुदगुल्या आधी झाल्या, ते खोटं कशाला बोलू."

तो जायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. संध्याकाळची वेळ, बाहेर वारा सुटलेला. भाऊ आईच्या उशाशी, चिमी पायाशी बसून नखं कापतेय, मदतनीस बाईने भांडी आवरली, सगळ्यांना मान हलवून निरोप घेतला आणि ती दाराशी जाऊन बूट घालू लागली. दार उघडलं. आणि आई एकदम ताठ बसून ओरडली, "दादा!"

भाऊ ताडकन उठला. "आलो! आई, आलो! इथेच आहे!"

चिमीही उठली होती. नेलकटर खाली पडलं. ती म्हणते, का उठले मला कळलं नाही, माझे पायच उठले.

ती बाई दारात उभी. एक पाय बुटात, एक बाहेर. तोंड उघडलेलं, पण आवाज नाही, कारण तिला मनाई होती.

आई भावाकडे बघत नव्हती. चिमीकडेही नाही. डाव्या हाताने भावाला बाजूला सारत होती, जसा आपण नजरेआड येणारा पडदा सारतो. "दादा! दादा!" आणि बोट दाखवत होती खुर्चीकडे. खुर्चीच्या पाठीवर त्या बाईचा लोकरीचा स्कार्फ लटकत होता. विसरून चालली होती ती, एवढ्या वाऱ्यात.

मग चिमी म्हणाली, "अहो, 'ओ' द्या ना. तुम्हालाच हाक मारतेय."

"तिला?" भाऊ म्हणाला. "अग, मला..."

"तुला नाही. मलाही नाही," चिमी म्हणाली. "गप्प बस जरा. अहो, द्या 'ओ'. मी सांगतेय."

ती बाई तशीच एका बुटावर लंगडत आत आली. "हं, दादा," म्हणाली, आणि आईच्या समोर उभं राहून स्कार्फ गळ्याला गुंडाळला, दोन वेढे, अगदी दाखवून दाखवून. आईने समाधानाने मान डोलावली आणि पुन्हा उशीवर पडली. म्हणाली, "दादा." म्हणजे झालं, जा आता.

भाऊ खिडकीशी गेला. "ती मला बोलावत नव्हती का मग? तेव्हाही?" त्याने विचारलं.

चिमीला वाटलं असतं तर तिने तेव्हा त्याला चांगलंच फटकारलं असतं. तिने फक्त एवढंच म्हटलं, "मला माहीत नाही रे. डॉक्टरांनाही माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात हे सगळं सांगून झाल्यावर मला वाटलं, आता हिचं मन निवळलं असेल. तर ती म्हणते, "पण बघ ना, त्या बाईचा स्कार्फ आईला दिसला. माझी छत्री मी आजवर किती वेळा विसरले असेन. कधी कुणी ओरडलं?"

"अग, तेव्हा ती बोलत होती. 'छत्री घे' म्हणत असेल, तुझ्या लक्षात नसेल."

"नसेल," ती म्हणाली. "पण माझ्या लक्षात नाही ना."

तरी एक फरक पडला. तिने त्या बाईवरची बंदी उठवली आणि स्वतःही 'ओ' द्यायला लागली. आई दादा म्हणाली की जी जवळ असेल तिने 'ओ' द्यायची. आधी चिमीला फार जड गेलं. "ओ म्हणताना दात दुखल्यासारखं होतं," म्हणायची. पण कान हळूहळू उघडला. शब्द सोडून आवाजाकडे लक्ष द्यायला शिकली. घाबरलेला दादा वेगळा, कंटाळलेला वेगळा, चहा गार झाल्याचा वेगळा. चुकायचीही पुष्कळ. पाणी न्यायची तर आईला उशी हवी असायची. ती मदतनीसही चुकायची, काही कमी नाही. मग आई दोघींवर एकदमच खेकसायची, आणि दोघी एकमेकींकडे बघून ओठ दाबायच्या.

एकदा दोघी गच्चीवर चादरी वाळत घालत होत्या, तेव्हा चिमीने तिला विचारलं, "तुम्हाला खरंच वाटलं होतं का हो, आई तुम्हाला बहीण म्हणते?"

"पहिला दिवस वाटला. मग कळला की नाही," ती म्हणाली. "पण कानाला बरा वाटला. म्हणून 'ओ' देत राहिलो." मग चादरीला चिमटा लावत म्हणाली, "माझी आई तिकडे आहे. आजारी आहे. शेजारची मुलगी बघते तिला. चांगली मुलगी. रोज व्हिडिओ पाठवते, आई तिच्या हाताने जेवते, आई तिला लाडाने बोलते, माझं नाव होतं ना लहानपणी, ते म्हणते तिला." तिने चादर एवढ्या जोरात झटकली की पाणी चिमीच्या चष्म्यावर उडालं. "मला ती मुलगी अजिबात आवडत नाही."

चिमी चष्मा पुसत पुसत हसायला लागली. ती बाईही. "इतकं हसलो," चिमी मला म्हणाली, "की खालच्या मजल्यावरून कुणीतरी वर बघितलं." मला जरा लागलंच ते. माझ्याबरोबर ती इतकं कधी हसली नव्हती. म्हणजे हा आजार संसर्गाचा आहे म्हणायचा.

आई त्यानंतर आणखी एक हिवाळा आणि एक उन्हाळा राहिली. मध्ये 'नको' हा शब्द परत आला, आणि तो मिळाल्यावर तिने त्याचा भरपूर वापर केला. 'चिमी' मात्र कधीच आलं नाही. चिमीने शिकवणं सोडून दिलं होतं, पण वाट पाहणं सोडलं नव्हतं. मला माहीत आहे, कारण रोज सकाळी कापड पसरताना मी नुसती भुवई वर करायचे आणि ती नुसती मान हलवायची.

एका पहाटे आई झोपेतच गेली. शेवटचा शब्द असा काही नाही. आदल्या संध्याकाळी दूध नको म्हणाली होती, तोच.

भेटायला लोक आले. दोन खोल्यांत मावायचे किती, बाकीचे जिन्यात उभे. भाऊ दाराजवळच्या खुर्चीत बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. चिमी आत चहा गाळत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. "सगळं विसरली, पण मला विसरली नाही. वाचा गेली तरी शेवटपर्यंत तोंडात एकच. दादा, दादा." मावशी डोळ्यांना पदर लावत होती. ती मदतनीसही आली होती, काळा पोशाख घालून, कोपऱ्यात जमिनीवर बसली होती.

चिमी ट्रे घेऊन बाहेर आली. भावाने तिचा हात धरला. डोळे सुजलेले, नाक लाल. आता साठीला टेकलेला माणूस, पण त्या वेळी शाळेतल्या पोरासारखा दिसत होता म्हणे. "चिमे, तू सांग यांना. माझंच नाव घेत होती ना ग?"

सगळी खोली तिच्याकडे बघायला लागली. कोपऱ्यातून ती बाईही.

"हो," चिमी म्हणाली. "तुझंच."

आणि चहा वाटत पुढे गेली.

हे तिने मला चार दिवसांनी कामावर आल्यावर सांगितलं. मी मशीन थांबवलं. म्हणाले, "चिमे, मोठं मन केलंस ग."

"कसलं मोठं मन," ती म्हणाली. टेबलावर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीचं हिरवं रेक्झिन पसरलेलं होतं. ती त्यावर खडूने रेघ ओढत होती. "जीव असा जळत होता, ट्रे हातातून सुटतो की काय वाटलं. अजून जळतोय. पण तो रडत होता ना. त्याला काय सांगत बसू, स्कार्फ होता म्हणून?"

तिने कात्री उचलली आणि मुकादमांना ओरडून विचारलं की या खुर्चीला हाताखालचे तुकडे दोन लागतात की चार. ते म्हणाले, दोन. तिने दोन कापले.